एम-थ्री काढायचा कसा : डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांसाठी

डिप्लोमा झाल्यावर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेतला की सीनियर पहिल्याच आठवड्यात बजावतात, 'बाकीचं होईल, एम-थ्री तेवढा काढ.' एम-थ्री म्हणजे इंजिनीअरिंग मॅथेमॅटिक्स-३. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्यामुळे तुम्ही वर्गात पोहोचता तेव्हा पहिलं युनिट बरंच पुढे गेलेलं असतं. बाकीच्यांनी एम-वन आणि एम-टू केलेले असतात, तुमच्या वाट्याला ते आलेलेच नसतात. सर फळ्यावर 'हे तुम्हाला माहितीच आहे' म्हणून तीन ओळी गाळतात आणि नेमक्या त्याच तीन ओळी तुम्हाला माहीत नसतात. भीती वाटते ती याची, आणि ती खोटी नाही.

तरीही आमचं ठाम मत आहे की मुलं एम-थ्रीमध्ये एम-थ्रीमुळे फारशी अडकत नाहीत. लॅप्लासची व्याख्या सगळ्यांना येते. गुण जातात ते पार्शल फ्रॅक्शनमध्ये, इंटिग्रेशनच्या उण्या चिन्हात, ठरावीक जागी. या जागा आधी माहीत असल्या आणि प्रत्येक जागी उत्तर पडताळून पाहायची एकेक युक्ती हाताशी असली, तर आपलं उत्तर बरोबर आहे की नाही हे पेपर चालू असतानाच कळतं. म्हणून पुढे प्रत्येक भागात तीन गोष्टी आहेत : करायचं कसं, चुकतं कुठे आणि तपासायचं कसं.

(सूत्रांमध्ये ^ ही खूण घातासाठी आहे. ई^(२एक्स) म्हणजे ई चा २एक्स हा घात. 'पाय' म्हणजे π.)

आधी स्वतःचा पेपर बघा

विद्यापीठ, शाखा आणि पॅटर्न यांप्रमाणे एम-थ्रीचा अभ्यासक्रम बदलतो. कॉम्प्युटरच्या मुलाने मेकॅनिकलच्या मित्राच्या नोट्सवर अभ्यास केला तर दोन युनिटं भलतीच वाचून होतात, आणि हे दर वर्षी कुणाचं तरी होतं. म्हणून विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्या शाखेचा, आपल्या पॅटर्नचा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

मग त्याच पॅटर्नचे मागचे ५ ते ६ पेपर मिळवा. एका मोठ्या कागदावर तक्ता आखा : आडव्या ओळीत पेपर, उभ्या स्तंभात युनिटं. प्रत्येक चौकोनात प्रश्नाचा प्रकार आणि गुण लिहा, गणित सोडवू नका. दोन तास लागतात. तक्ता भरला की दिसतं, काही प्रकार जवळजवळ प्रत्येक पेपरात येतात : व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्स, कॉशी किंवा लेजांद्र इक्वेशन, लॅप्लासने सोडवायचं डिफरन्शियल इक्वेशन. सुरुवात तिथून करायची.

पेपरची रचनाही नीट बघा. पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये इन-सेम (सत्राच्या मधली परीक्षा) ३० गुणांची आणि एंड-सेम (सत्राच्या शेवटची) ७० गुणांची होती, आणि 'प्रश्न २ किंवा ३' अशा जोड्या असायच्या. जोडीतले दोन्ही प्रश्न एकाच युनिटचे असले की ते युनिट सोडणं म्हणजे त्याचे सगळे गुण सोडणं. मुंबईच्या ८० गुणांच्या पेपरात पहिला प्रश्न सक्तीचा आणि उरलेल्या पाचांतले कोणतेही तीन, अशी पद्धत बरीच वर्षं होती. तिथे एका प्रश्नात अनेक युनिटं मिसळलेली असतात, म्हणून एखादं युनिट पूर्ण सोडलं तर प्रत्येक प्रश्नातला एखादा तुकडा हातचा जातो. तुमचा पेपर यातल्या कोणत्या जातीचा आहे हे कळेपर्यंत 'हे युनिट ऑप्शनला टाकतो' असं ठरवू नका.

पहिले १२ दिवस पायाला द्या

सगळ्यात जास्त टाळला जातो तो हाच टप्पा. वर्गात फूरिए चालू असताना घरी पार्शल फ्रॅक्शन करणं कमीपणाचं वाटतं. ते वाटू देऊ नका. रोज एक तास, १२ दिवस, हातात पेन घेऊन.

पहिले चार दिवस इंटिग्रेशन. साधी सूत्रं पाठ हवीतच, पण खरा भर बाय पार्ट्सवर द्या. एक फलन डेरिव्हेटिव्ह घेत घेत शून्य होणारं असलं (एक्स, एक्स², एक्स³), तर लांबलचक पद्धत नको. डावीकडे त्याचे डेरिव्हेटिव्ह, उजवीकडे दुसऱ्याचे इंटिग्रल लिहा, तिरके गुणा आणि चिन्हं अधिक, उणे, अधिक अशी आलटून पालटून लावा. एक्स²·ई^(३एक्स) चं इंटिग्रल असं येतं : एक्स²·ई^(३एक्स)/३ − २एक्स·ई^(३एक्स)/९ + २·ई^(३एक्स)/२७. इथे चूक एकाच ठिकाणी होते, दुसऱ्या पदाचं उणं विसरतं. अशी २५ गणितं करा. तपासायला कुणाची गरज नाही : उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घ्या, मूळ फलन परत मिळालं पाहिजे.

ई^(एएक्स)·साइन बीएक्स याचं इंटिग्रल दर वेळी काढत बसू नका, सूत्रच पाठ करा : ई^(एएक्स)/(ए² + बी²) × (ए साइन बीएक्स − बी कॉस बीएक्स). कॉससाठी कंसात ए कॉस बीएक्स + बी साइन बीएक्स. लॅप्लास, फूरिए, व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्स, तिन्हीकडे लागतं.

पुढचे तीन दिवस पार्शल फ्रॅक्शन. (३एस + ३)/((एस − १)(एस + २)) घ्या. एस = १ ठेवून पहिला सहगुणक २ येतो, एस = −२ ठेवून दुसरा १. म्हणजे २/(एस − १) + १/(एस + २). आता पडताळा : एस = ० ठेवा. मूळ अपूर्णांक −१.५, आणि −२ + ०.५ सुद्धा −१.५. बरोबर. या तपासणीला दहा सेकंद लागतात आणि ती न केल्यामुळे पुढचं पानभर गणित चुकीच्या आकड्यावर उभं राहतं. छेदात एस² + ४ सारखा न फुटणारा घटक असला तर वर एकटा आकडा ठेवायचा नाही, बीएस + सी ठेवायचं. छेदातला घटक वर्गात असला तर त्याची दोन पदं लिहायची. प्रत्येक प्रकारची पाच-पाच, एकूण १५ गणितं पुरेत.

उरलेल्या पाच दिवसांत ट्रिगनॉमेट्रीतली गुणाकाराची बेरीज करणारी सूत्रं, पूर्ण वर्ग करणं, कॉम्प्लेक्स नंबरचं पोलर रूप आणि पार्शल डेरिव्हेटिव्ह. यात पूर्ण वर्ग करणं सगळ्यात सोपं वाटतं आणि पुढे सगळ्यात जास्त वेळा लागतं.

डिफरन्शियल इक्वेशन : पहिले गुण इथले

स्थिर सहगुणकांचं लिनिअर इक्वेशन आलं की पहिल्यांदा ऑक्झिलरी इक्वेशन, त्याची मुळं, मुळांवरून सीएफ (कॉम्प्लिमेंटरी फंक्शन, म्हणजे उजवी बाजू शून्य धरून येणारं उत्तर). डी म्हणजे एक्सच्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह घेण्याची खूण. मुळं वेगळी, सारखी की कॉम्प्लेक्स, एवढाच प्रश्न. तीन घातांचं असेल तर मुळांची बेरीज डी² च्या सहगुणकाच्या उलट चिन्हाची असते. डी³ − ६डी² + ११डी − ६ ची मुळं १, २, ३, बेरीज ६. जुळलं. सीएफ काढायला दोन मिनिटं लागतात आणि त्याचे गुण पक्के असतात, म्हणून पीआय (पर्टिक्युलर इंटिग्रल, म्हणजे उजव्या बाजूमुळे येणारा उत्तराचा भाग) अजिबात सुचला नाही तरी सीएफ लिहून ठेवायचाच.

पीआयचे नियम उजव्या बाजूवरून ठरतात. ई^(एएक्स) असेल तर डी च्या जागी ए. साइन किंवा कॉस एएक्स असेल तर डी² च्या जागी −ए². पुष्कळ मुलं घाईत डी च्याच जागी −ए² घालतात आणि संपतं. डी³ आलं तर ते डी² गुणिले डी असं फोडा, म्हणजे −ए²·डी. एक गणित पूर्ण बघा : (डी² + ३डी + २)वाय = साइन २एक्स. डी² = −४ ठेवलं की छेदात ३डी − २ उरतो. वर-खाली ३डी + २ ने गुणा, छेद ९डी² − ४ म्हणजे −४०. वर ३डी + २ साइन २एक्सवर चालवा : ६ कॉस २एक्स + २ साइन २एक्स. उत्तर −(३ कॉस २एक्स + साइन २एक्स)/२०. हे मूळ समीकरणात परत घालून बघा, कॉसची पदं आपसात उडतात आणि साइन २एक्स नेमकं उरतं. सुरुवातीच्या दहा गणितांना ही पडताळणी पूर्ण लिहून करा. नंतर हात आपोआप वळतो.

छेद शून्य झाला तर घाबरू नका, तो नियमाचाच पुढचा भाग आहे. बाहेर एक्स घ्या, छेदाचं डी च्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह घ्या आणि पुन्हा तीच किंमत ठेवा. (डी² − २डी + १)वाय = ई^एक्स मध्ये हे दोनदा करावं लागतं आणि पीआय एक्स²·ई^एक्स/२ येतो. (डी² + ४)वाय = साइन २एक्सचा पीआय −एक्स·कॉस २एक्स/४.

उजवीकडे एक्स² सारखी बहुपदी असेल तर छेदातून सगळ्यात लहान घाताचं पद बाहेर काढून १ + काहीतरी असं रूप द्या आणि बायनॉमिअलने उलगडा. १/(१ + डी) एक्स² वर चालवलं की (१ − डी + डी²) एवढंच लागतं, उत्तर एक्स² − २एक्स + २. बहुपदीच्या घाताच्या पुढे उलगडण्यात वेळ घालवू नका, पुढची पदं शून्यच देतात. ई^(एएक्स) गुणिले दुसरं काही असेल तर ई^(एएक्स) बाहेर काढा आणि आत डी च्या जागी डी + ए. इथे उणं ए घालणं ही नेहमीची चूक.

सेक, टॅन, कोसेक, लॉग किंवा १/(१ + ई^एक्स) दिसलं की वरचे नियम चालत नाहीत, व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्स वापरायचं. दोन सापळे आहेत. एक, डी² चा सहगुणक आधी १ करून घ्यायचा, नाहीतर उजवी बाजू चुकीची राहते. दोन, रॉन्स्कियन (सीएफमधली दोन फलनं आणि त्यांची डेरिव्हेटिव्ह यांचा डिटर्मिनंट) गृहीत धरायचा नाही, काढायचा. (डी² + १) च्या गणितात तो १ येतो, त्यामुळे मुलांना वाटतं तो नेहमीच १ असतो. (डी² + ४)वाय = सेक २एक्स मध्ये तो २ आहे. तिथे पीआय (१/४)·कॉस २एक्स·लॉग(कॉस २एक्स) + (एक्स/२)·साइन २एक्स असा येतो. पहिल्या इंटिग्रलच्या आधीचं उणं चिन्ह लाल पेनाने गोल करून ठेवा.

कॉशीच्या समीकरणात एक्स = ई^झेड ठेवलं की एक्स² गुणिले दुसरं डेरिव्हेटिव्ह म्हणजे डी(डी − १)वाय, इथे डी झेडच्या संदर्भात. लेजांद्रमध्ये (२एक्स + ३)² असेल तर तिथे ४·डी(डी − १), आणि (२एक्स + ३) गुणिले पहिल्या डेरिव्हेटिव्हसाठी २डी. हा ४ विसरला की ऑक्झिलरी इक्वेशनच बदलतं आणि पुढचं सगळं नेटकं लिहिलेलं गणित फुकट जातं. शेवटी झेड काढून लॉग एक्स (लेजांद्रमध्ये लॉग(२एक्स + ३)) परत घाला. झेडमध्ये उत्तर सोडणाऱ्यांचा शेवटचा गुण हमखास जातो.

लॅप्लास

सूत्रांचा तक्ता रोज सकाळी एकदा न बघता लिहा, आठवड्यात बसतो. मग प्रत्येक प्रमेयाचं एक गणित हे धोरण ठेवा : फर्स्ट शिफ्टिंग, टी ने गुणणं, टी ने भागणं, डेरिव्हेटिव्हचं ट्रान्सफॉर्म, कन्व्होल्यूशन, युनिट स्टेप.

टी ने गुणलं की एफ(एस) च्या डेरिव्हेटिव्हच्या पुढे उणं चिन्ह येतं. टी साइन २टी चं ट्रान्सफॉर्म ४एस/(एस² + ४)², अधिक चिन्हाचं. उणं आलं असेल तर प्रमेयातलं उणं तुम्ही विसरलात.

इनव्हर्समध्ये सगळ्यात जास्त गुण जातात ते पूर्ण वर्गाच्या जागी. (एस + ३)/(एस² + २एस + ५) बघा. छेद (एस + १)² + ४ असा लिहिणं सगळ्यांना जमतं. पण वरचा एस + ३ सुद्धा (एस + १) + २ असा फोडावा लागतो, तरच शिफ्टिंग लागू होतं. मग उत्तर ई^(−टी)·(कॉस २टी + साइन २टी). वर न फोडता थेट कॉस लिहिणाऱ्यांचं साइनचं पद गळतं.

इथली तपासणी फार छान आहे. एस ला मूळ अपूर्णांकाने गुणा आणि एस खूप मोठा होऊ द्या. जी किंमत येते ती टी = ० ला तुमच्या उत्तराची किंमत असली पाहिजे. वरच्या गणितात एस(एस + ३)/(एस² + २एस + ५) ची सीमा १, आणि उत्तरात टी = ० ठेवलं तरी १. डिफरन्शियल इक्वेशन सोडवलं असेल तर आणखी सोपं : दिलेल्या इनिशिअल कंडिशन उत्तरातून परत मिळतात का ते बघा. परीक्षेत हे अर्ध्या मिनिटात होतं.

फूरिए आणि झेड

फूरिए सिरीजमध्ये पेन चालवण्याआधी फलन इव्हन आहे की ऑड ते बघा. अंतर ० ते २ पाय असेल तर मात्र ही सवलत डोळे मिटून घेऊ नका, ती −पाय ते पाय अशा शून्याभोवती सारख्या अंतरासाठी आहे. कॉस एन·पाय म्हणजे (−१)^एन आणि साइन एन·पाय म्हणजे शून्य, हे वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. एन = १ ला छेद शून्य होत असेल तर ए-वन वेगळा काढावा लागतो, हे परीक्षक मुद्दाम तपासतात.

झेड ट्रान्सफॉर्मच्या इनव्हर्सला पार्शल फ्रॅक्शन करण्याआधी एफ(झेड) ला झेडने भागा. कारण तक्त्यात जे रूप आहे ते झेड/(झेड − ए) असं आहे, तो वरचा झेड शेवटी परत हवा असतो. झेड/((झेड − २)(झेड − ३)), झेडचं मान ३ पेक्षा मोठं : उत्तर ३^के − २^के. तपासायला के = ०, १, २ ठेवा, ०, १, ५ येतं. लांब भागाकार केला तरी तेच सहगुणक मिळतात. आणि झेडचं मान किती आहे ही अट उत्तरात लिहा.

व्हेक्टर, कॉम्प्लेक्स, न्यूमरिकल

हे भाग पायाच्या दृष्टीने हलके आहेत, म्हणून थोडक्यात. डिरेक्शनल डेरिव्हेटिव्हमध्ये दिशेचा युनिट व्हेक्टर घ्यायचा. २आय − जे + २के असेल तर ३ ने भागायचं. पृष्ठभाग बंद असेल तर गॉस, उघडा असून त्याला कडेचं वक्र असेल तर स्टोक्स. पूर्ण गोल की अर्धगोल, हे प्रश्नात दोनदा वाचा. एक्स·आय + वाय·जे + झेड·के चं त्रिज्या २ च्या पूर्ण गोलावरचं सरफेस इंटिग्रल ३२ पाय येतं. अर्धगोल वक्र भागावर गॉस लावायचा तर खालची चकती धरून बंद करायचं आणि चकतीचा हिस्सा वजा करायचा. इथे चकती झेड = ० वर असल्यामुळे तो हिस्सा शून्य आहे, उत्तर १६ पाय.

रेसिड्यूमध्ये आधी वर्तुळ काढा आणि पोल (छेद शून्य होतो ते बिंदू) ठिपक्यांनी दाखवा. १/((झेड − १)(झेड − ३)) आणि त्रिज्या २ चं वर्तुळ : आत फक्त १ आहे, उत्तर −पाय·आय. दोन्ही पोल मोजले तर शून्य येतं, आणि शून्य उत्तर गोड दिसल्यामुळे कुणाला शंका येत नाही.

न्यूमरिकलला कॅल्क्युलेटर रेडियन मोडमध्ये आहे का, हे पहिलं. कॉस एक्स = एक्स चं मूळ ०.७३९१. डिग्री मोडमध्ये ०.९९९८ येतं आणि सगळ्या पायऱ्या बिनचूक लिहूनही उत्तर चुकतं. सिम्प्सनच्या १/३ नियमाला भागांची संख्या सम हवी, ३/८ ला तीनच्या पटीत. भाग मोजा, ऑर्डिनेट (वाय च्या किमती) नव्हे. ४ भागांना ५ ऑर्डिनेट असतात. १/(१ + एक्स²) चं ० ते १ इंटिग्रल चार भागांत काढून बघा, ०.७८५४ आलं तर तुमची पद्धत बरोबर बसली, कारण खरं उत्तर पाय/४ आहे.

कॅल्क्युलेटरबद्दल आणखी एक. कॅसिओ एफएक्स-९९१ सारख्या साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर तीन घातांच्या समीकरणाची मुळं आणि आकड्यांच्या मर्यादेतलं इंटिग्रल निघतं. सरावात त्याचा उपयोग उत्तर तपासायला करा. परीक्षेत कोणतं मॉडेल चालतं हे विभागात आधी विचारून ठेवा आणि तेच यंत्र महिनाभर वापरा. ऐन पेपरात मित्राच्या कॅल्क्युलेटरवरची बटणं शोधणं फार महागात पडतं.

रोजचा सराव

सोडवलेली गणितं वाचून एम-थ्री होत नाही. वाचताना प्रत्येक ओळ पटते, म्हणून येतंय असं वाटतं. एक सोडवलेलं गणित वाचा, पुस्तक मिटा, तेच कोऱ्या कागदावर लिहा. अडलात तर अडलेली ओळ तेवढी बघा आणि परत सुरुवातीपासून लिहा. दिवसाला ५ गणितं अशी केली तरी ६० दिवसांत ३०० होतात.

एक छोटी चूक-वही ठेवा. तीत गणित नाही, फक्त चूक लिहायची : तारीख, युनिट, चुकलेली ओळ, कारण. 'लक्ष नव्हतं' हे कारण चालणार नाही. 'डी² ऐवजी डी मध्ये −४ घातलं' असं लिहा. दोन आठवड्यांनी वही चाळली की दिसतं, तुमच्या चुका पन्नास प्रकारच्या नसून सहा-सात प्रकारच्याच आहेत. परीक्षेआधीच्या रात्री हीच वही वाचायची.

एखाद्या गणितावर १५ मिनिटं अडलात तर त्यावर खूण करून पुढे जा आणि दुसऱ्या दिवशी ट्युटोरिअलला विचारा. 'लॅप्लास कळत नाही' असं विचारलंत तर शिक्षकांनाही कुठून सुरुवात करावी कळत नाही. 'या ओळीतून ही ओळ कशी आली' असं विचारलंत तर दोन मिनिटांत सुटतं. ट्युटोरिअल शीट्स सबमिशनच्या आदल्या रात्री उतरवू नका, त्यांतल्या प्रकारांची गणितं पेपरात दिसतात.

शेवटच्या तीन आठवड्यांत दर रविवारी एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून, पाठकोऱ्या कागदावर नव्हे तर रेघांच्या पुरवणीवर लिहा.

काळजी वाटते तेव्हा

'निघेल का?' या प्रश्नाला उत्तर नसतं, म्हणून तो रात्रभर फिरत राहतो. त्याच्या जागी आकडा आणा. तक्त्यातल्या प्रत्येक प्रकारासमोर खूण करा : न बघता येतं, बघून येतं, येत नाही. पहिल्या रकान्यातल्या गुणांची बेरीज करा. आज ती २२ असेल, आठवड्याने २९ होईल. उत्तीर्ण व्हायला किती लागतात ते तुमच्या पॅटर्नच्या नियमांत पाहून शेजारी लिहा. मग चिंता 'मी ढ आहे का' अशी राहत नाही, 'अजून अकरा गुण कुठून आणू' अशी होते आणि त्याचं उत्तर तक्त्यातच असतं.

इन-सेमला कमी गुण पडले तर लगेच विषय सोडून देणारी मुलं बरीच असतात. तसं करू नका. इन-सेमच्या वेळी तुम्हाला येऊन जेमतेम काही आठवडे झालेले असतात. एंड-सेमचे गुण दुपटीहून जास्त असतात.

जागरण या विषयाला विशेष मारक आहे. पाठांतराचा पेपर झोपेत थोडाफार निभावतो, पण पाच ओळी चिन्हं सांभाळत नेणं थकलेल्या डोक्याला जमत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री नवा प्रकार हातात घेऊ नका.

घरी आई-वडिलांना एम-थ्री म्हणजे काय हे माहीत नसतं, त्यांना 'डिप्लोमाला तर फर्स्ट क्लास होता' एवढंच दिसतं. निकालाच्या दिवशी सांगण्यापेक्षा आधीच सांगा की या विषयाचा पाया इतरांनी पहिल्या वर्षी केला आहे आणि तुम्ही तो आता करत आहात. आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, सगळं सोडून द्यावं किंवा जगू नये असे विचार येत असतील, तर ती गोष्ट अभ्यासाच्या वेळापत्रकाने सुटणारी नाही. त्याच दिवशी घरच्या माणसाशी, हॉस्टेलमधल्या मित्राशी किंवा कॉलेजच्या समुपदेशकाशी बोला. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

पेपरच्या दिवशी

७० गुण आणि अडीच तास म्हणजे वाचायला ५ आणि तपासायला १० मिनिटं बाजूला ठेवून गुणामागे दोन मिनिटांहून किंचित कमी. पाच गुणांचं गणित दहा मिनिटांत संपलं नाही तर अर्धं पान जागा सोडून पुढे जा.

प्रश्न क्रमाने सोडवायचे असं बंधन नसतं. हात थरथरत असेल तर ज्याचा सीएफ निघतो ते डिफरन्शियल इक्वेशन आधी घ्या, दोन ओळी बरोबर उतरल्या की श्वास जागेवर येतो. पण एका प्रश्नाचे उपप्रश्न एकाच ठिकाणी ठेवा, विखुरलेला उपप्रश्न तपासताना नजरेतून सुटू शकतो. जोडीतल्या दोन प्रश्नांपैकी कोणता घ्यायचा हे सगळे उपप्रश्न वाचून ठरवा, पहिला उपप्रश्न सोपा दिसला म्हणून उडी मारू नका.

गणिताला गुण पायऱ्यांचे असतात. वापरणार ते सूत्र किंवा प्रमेय आधी एका ओळीत लिहा, मग किमती घाला. उत्तर चुकलं तरी पद्धतीचे गुण यामुळेच मिळतात. चूक सापडली तर एकच आडवी रेघ मारा. गिरवून काळं केलेलं पान परीक्षकाला वाचता येत नाही. कच्चं काम उजव्या बाजूला समास आखून करा, म्हणजे आकडा उतरवताना चुकला तर मागे जाऊन सापडतो. शेवटच्या दहा मिनिटांत नवं गणित सुरू करण्यापेक्षा वर सांगितलेल्या तपासण्या करा : एस = ०, टी = ०, के = ०, मुळांची बेरीज, रेडियन मोड.

निकाल मनासारखा आला नाही तर

गुण अगदी थोडक्यात कमी पडले असतील तर विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवता येते आणि त्यानंतर पुनर्मूल्यांकनाला अर्ज करता येतो. मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांची असते, म्हणून निकालाच्या दिवशीच परिपत्रक शोधा. फोटोकॉपी हातात आली की आधी भावनेने वाचू नका, हिशोब करा : प्रत्येक उपप्रश्नाला गुण दिलेले आहेत का, पुरवणीवरची गणितं तपासली गेली आहेत का, पहिल्या पानावरची बेरीज आतल्या गुणांशी जुळते का. मग विषयाच्या शिक्षकांना दाखवून विचारा की पायऱ्यांचे गुण वाढण्यासारखे आहेत का, आणि त्यावरून अर्ज करायचा की नाही ते ठरवा. बॅकलॉगच राहिला तर तीच फोटोकॉपी चूक-वहीशेजारी ठेवा आणि गेलेल्या प्रत्येक गुणासमोर त्याचं कारण लिहा. पुढच्या वेळच्या अभ्यासाचा पहिला तक्ता तोच.